‘मीच असा का?’ विचारणाऱ्या मुलाचं बळ शोधताना: आधी काय, नंतर काय

परळच्या एका शाळेत मी समुपदेशक आहे. माझ्या टेबलासमोर बसणारे आईबाबा साधारण एकच यादी घेऊन येतात. “तबला लावला, सोडला. स्केटिंगला रडला. अबॅकसच्या दोन लेव्हल झाल्या. आता काय लावू, मॅडम?” मूल कुठलं, तर वाचताना अडखळणारं. किंवा बोलताना शब्द अडकणारं, कानाला यंत्र लावणारं, जूनमध्ये मालवणहून आलेलं आणि पहिल्याच दिवशी बोलण्यावरून हसू झालेलं, मुलगा असून नाच आवडणारं. काही वेळा कसलंच नाव नसतं. मधल्या सुट्टीत सगळे जिन्याखाली आणि हे एकटं पाण्याच्या टाकीपाशी, एवढंच. ते घरी येऊन कधीतरी विचारतं, “मीच असा का?” आपण घाबरतो आणि क्लास लावतो.

क्लास लावायला हरकत नाही, पण त्याचा नंबर पाचवा आहे. लोक तो पहिला लावतात. मग क्लास सुटतो आणि ‘आपल्याला हेही जमत नाही’ एवढंच मुलाच्या पदरात पडतं. म्हणून हा क्रम लिहून काढला. साधारण ७ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे. शेवटचा टप्पा सोडला तर सगळं मिळून तीन-चार महिने जातील. त्याहून लवकर उरकायचं असेल तर सुरूच करू नका.

## सुरू करण्याआधीची तयारी

एक शंभर पानी वही आणा. मोबाइलमध्ये नोंदी नकोत. तुमचा मोबाइल मूल तुमच्यापेक्षा जास्त वेळा उघडतं, आणि स्वतःवर लिहिलेलं अर्धवट वाचण्यासारखं वाईट काही नाही. वही कपाटात, साड्यांच्या घडीखाली ठेवा.

पुढचे तीन आठवडे नवीन काही लावू नका. चालू असलेला क्लास मूल रडत-कुढत जात असेल तर बंद करा, मजेत जात असेल तर राहू दे. फी भरलीय हे कारण ऐकून ऐकून माझे कान किटलेत. भरलेली फी रडवूनही वसूल होत नाही.

घरातली नावं बंद करा. लंबू, काळू, बोबड्या, घुम्या, चष्मिस. लाडाने म्हणत असाल तरीही. “शेजारचा बघ” आणि “तुझ्या वयाचा असताना मी” ही दोन वाक्यंही त्याच पिशवीत बांधून माळ्यावर टाका. आजोबांना सांगणं सर्वांत कठीण जातं हे मला माहीत आहे. त्यांना बाजूला घेऊन, मुलासमोर नाही, एकदाच सांगा.

मग ठरवा की बघणार कोण. विरार किंवा कल्याणहून लोकलने ये-जा करणारे आईबाबा मुलाला जागं असं रोज दोन-अडीच तास बघतात, आणि त्यातही तास गृहपाठात जातो. खरं बघणारे दुसरेच असतात: आजी, समोरच्या खोलीतल्या काकू, स्कूल व्हॅनचे काका, शिकवणीच्या ताई. यांतल्या दोघांना विश्वासात घ्या. विचारायचं एवढंच: “कुणी सांगितलेलं नसताना हा काय करतो?”

सावधान: मुलाला “आम्ही तुझ्यातले गुण शोधतोय” असं सांगू नका. सांगितलंत तर ते तुम्हाला हवं तेच करून दाखवतं, नाहीतर काहीच करत नाही.

## टप्पा १: डोळे, कान, वाचन आधी तपासून घ्या

हा टप्पा लोक गाळतात, कारण त्यात कौतुक करण्यासारखं काही नसतं. फळ्यावरचं चुकीचं उतरवणारं मूल ‘वेंधळं’ ठरतं आणि दोन वर्षांनी चष्मा लागतो. हाक मारल्यावर न बघणारं मूल ‘उर्मट’ ठरतं आणि एका कानाने कमी ऐकू येत असतं. त्यामुळे डोळे आणि कान, दोन्ही तपासा. शाळेत झालेली घाईची तपासणी पुरेशी मानू नका.

वाचन-लेखनातली अडचण वेगळी. बोलताना चुरुचुरु बोलणारं, तोंडी सगळं सांगणारं मूल कागदावर आलं की ओळी गाळतं, जोडाक्षरं मोडतं, फळ्यावरून उतरवायला वर्गाच्या दुप्पट वेळ घेतं, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. पालिकेच्या शीव (लोकमान्य टिळक) आणि नायर रुग्णालयांत ही तपासणी होते आणि प्रमाणपत्रही मिळतं. तिसरीच्या आधी ठाम निदान सहसा करत नाहीत. जाताना शाळेचं पत्र, प्रगतिपुस्तकं आणि मुलाच्या वह्या न्या. नीटनेटकी केलेली वही नको, रोजची न्या. एका फेरीत काम होत नाही, रजा तशी धरा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता (ऑटिझम) या दोन्ही आहेत. दहावी-बारावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात, पण त्यांचा अर्ज शाळेमार्फत जातो. दहावीच्या जानेवारीत धावपळ करणारे पालक मी दरवर्षी बघते.

बोलताना अडखळणं आणि ऐकण्याच्या अडचणी यांसाठी वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. तिथे जाईपर्यंत घरी एक पथ्य पाळा: मुलाचं अडकलेलं वाक्य आपण पुरं करू नका. “हळू बोल”, “श्वास घे”सुद्धा नको. वाक्य संपेपर्यंत त्याच्याकडे बघत थांबा. थांबणं अवघड असतं, विशेषतः पोळी तव्यावर असताना. गॅस बारीक करा.

तपासा: मूल दोन आठवड्यांहून जास्त खात नाही, झोपत नाही, शाळेच्या नावाने पोट दुखतं, “मी नसतो तर बरं झालं असतं” असं म्हणतं? मग हा लेख बाजूला ठेवा आणि बालमानसोपचारतज्ज्ञाकडे जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक कुठल्याही वेळी लागतो, मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे. बळ शोधण्याचं काम नंतर.

## टप्पा २: ‘वेगळं’ म्हणजे काय, ते त्याच्याकडून ऐका

“मीच असा का?” या प्रश्नाला दहातले नऊ पालक म्हणतात, “छे रे, तू कुठे वेगळा आहेस?” मुलाला कळतं की आपण वेगळे आहोत. त्याला हेही कळतं की घरच्यांना ते बोलायचं नाही. तिथून ते पुढे बोलत नाही.

त्याऐवजी विचारा: “कधी वाटतं तसं?” ‘का’ विचारू नका, ‘कधी’ विचारा. ‘का’चं उत्तर मुलाकडे नसतं. ‘कधी’चं असतं: “पीटीला टीम पाडतात तेव्हा”, “बाई रांगेने वाचायला लावतात तेव्हा”, “डब्यात सुकट असते तेव्हा”. एवढं नेमकं हाती आलं की अर्धं काम झालं. डब्यातल्या सुकटीचा प्रश्न आणि वाचनाचा प्रश्न एकाच औषधाने बरे होत नाहीत.

कुठे विचाराल? दहा बाय बाराच्या खोलीत, टीव्ही चालू, आजी पलंगावर, तिथे नाही. समोरासमोर बसवूनही नाही, त्याची चौकशी होते. स्टेशनकडे चालताना, बसच्या खिडकीशेजारी, भाजी घेऊन परतताना बोला. दोघांचे डोळे रस्त्यावर असले की मुलं बोलतात. मालवणहून आलेली ती मुलगी माझ्या खोलीत तीन आठवडे गप्प होती. एकदा तिच्या आईबरोबर मी मासळी बाजारातून चालत गेले. मुलीने वाटेत सहज एका बांगड्याचा कल्ला उचलला, आत बघितलं, आणि आईला मान हलवून ‘नको’ सांगितलं. मासेवालीने शिवी हासडली. मुलगी हसली, आणि पुढे डॉकयार्डच्या बसमध्ये बसेपर्यंत बोलत होती.

“मला तसं वाटतं” म्हणून मूल जे काही सांगेल, त्यावर त्या दिवशी उपाय सांगू नका. “बरं झालं सांगितलंस” म्हणा आणि भाजीवाल्याकडे वळा.

## टप्पा ३: तीन आठवडे वही

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे आणि सगळ्यात कंटाळवाणा. रोज रात्री पाच मिनिटं. नियम चार:

१. क्रियापद लिहा, विशेषण नको. ‘हुशार’, ‘आळशी’, ‘क्रिएटिव्ह’ हे शब्द वहीत आले तर खोडा.

२. कुणी सांगितलं नव्हतं तेवढंच लिहा. गृहपाठ, शिस्त, मार्क यांना या वहीत जागा नाही.

३. किती वेळ ते लिहा.

४. अडचण आल्यावर काय केलं ते लिहा. सोडलं, रडलं, दुसऱ्या बाजूने करून बघितलं, कुणाला विचारलं.

चौथा नियम विसरू नका. मूल कशात रमतं यापेक्षा बिघडल्यावर परत कशाकडे वळतं, यावरून जास्त कळतं. मोबाइलवर सगळीच मुलं रमतात, तो पुरावा धरायचा नाही. गेम हरल्यावर पुन्हा खेळलं म्हणजे ‘चिकाटी’ असंही नाही, तो गेम त्याचसाठी बनवलेला असतो.

एक वही उघडून दाखवते. पाचवीतला मुलगा, वाचन दुसरीचं. आईचं लालबागला फॉल-पिकोचं छोटं दुकान, शाळा सुटली की मुलगा तिथेच. पहिल्या आठवड्यातल्या नोंदी अशा: ‘खेळला.’ ‘टीव्ही.’ ‘कंटाळला, मस्ती केली.’ मी म्हटलं, ताई, हे काही उपयोगाचं नाही, मस्ती म्हणजे काय केलं ते लिहा. दुसऱ्या आठवड्यात: ‘रिळं खाली पाडली, परत लावली. हिरवी एकीकडे.’ तिसऱ्या आठवड्यातली नोंद मी जशीच्या तशी देते:

‘जोशीबाईंची साडी. मी रामा रंगाचा फॉल काढला. त्याने साडी आणि फॉल दारात नेऊन उजेडात धरला. म्हणाला ट्यूबमध्ये सारखा दिसतो, हा मोरपंखीकडे जातो. दुसरा काढला. तोपण नेला. तिसरा जमला. कुणी सांगितलं नव्हतं. सात-आठ मिनिटं.’

आडनाव बदललं आहे, बाकी तिचंच. ही बाई अठरा वर्षं फॉल लावतेय. ती मला म्हणाली, “मॅडम, हे तो रोज करतो. मला वाटायचं वेळ काढतोय.”

सामान्य चुका: पहिल्या चार दिवसांत निष्कर्ष काढणं. फक्त आईने लिहिणं (बाबांनी आठवड्यातून दोन दिवस तरी लिहा, तुम्हाला दुसरंच काही दिसेल). मूल बघतंय हे कळल्यावर मुद्दाम मोठ्याने वही उघडणं. आणि नोंदी फॅमिली ग्रुपवर टाकणं. काका-मावश्यांचे अंगठे आणि टाळ्या आल्या की मूल त्या टाळ्यांसाठी करायला लागतं, किंवा लाजून थांबतं.

तपासा: तीन आठवड्यांनी एखादी गोष्ट वेगवेगळ्या तीन दिवशी, दोन वेगळ्या ठिकाणी, कुणी न सांगता झालेली दिसते का? दिसत नसेल तर अजून दोन आठवडे लिहा. मूल रिकामं नसतं, बहुधा आपण एकाच वेळेला बघत असतो. सकाळी सात ते आठमध्ये कुठल्याच मुलाचं बळ दिसत नाही.

## टप्पा ४: नोंदीतून वाक्य काढा, पदवी देऊ नका

इथे मी स्वतः सपशेल चुकले. ती फॉलची नोंद वाचली आणि जाहीर केलं, “हा कलाकार आहे!” चित्रकलेच्या स्पर्धेत नाव दिलं. मुलगा दोन तास कोरा कागद समोर ठेवून बसला. शेवटी कोपऱ्यात एक डोंगर आणि सूर्य काढला, पहिलीतली मुलं काढतात तसा. त्याला चित्र काढायचं नव्हतंच. त्याला दोन रंगांतला फरक दिसतो आणि खात्री होईपर्यंत तो थांबत नाही, एवढंच वहीत लिहिलेलं होतं. ‘कलाकार’ हा शब्द मी घातला.

तेव्हा वाक्य असं बांधा: ‘अमुक असेल तेव्हा तो अमुक करतो.’ मालवणच्या मुलीचं: ‘एखादी वस्तू घ्यायची असेल तेव्हा ती हात लावून, वास घेऊन खरी-खोटी ओळखते आणि नाही म्हणायला घाबरत नाही.’ हे वाक्य मासळीपुरतं नाही, वर्गातल्या भांडणापासून विज्ञानाच्या प्रयोगापर्यंत कुठेही लागू पडतं का ते पुढे बघता येतं. ‘तिला मासे कळतात’ असं लिहिलं असतं तर गोष्ट बाजारातच संपली असती.

वाक्य तयार झालं की ते मुलाला सांगायचं, पण एकदाच, आणि घडल्या घडल्या. “तू दारात नेऊन बघितलंस म्हणून जोशीबाईंचा फॉल बरोबर लागला.” पुढे काही जोडू नका. विशेषतः ‘पण’ जोडू नका. “वाचनात कच्चा आहे, पण रंग कसे कळतात बघा!” पाहुण्यांसमोर हे वाक्य ऐकलं की मुलाच्या लक्षात फक्त पहिला अर्धा भाग राहतो. वाचनाचं बोलायचं तर वेगळ्या दिवशी बोला.

सावधान: बोटांच्या ठशांवरून मुलाचा कल, बुद्धी, करिअर सांगणारे स्टॉल मॉलमध्ये आणि काही शाळांच्या पालकसभेतही लागतात. रंगीत आलेख असलेला जाड अहवाल मिळतो, काही हजार जातात. त्याला शास्त्रीय आधार नाही. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणारे वर्ग तर त्याहून पुढचे. मानसशास्त्रज्ञाने केलेली कल चाचणी ही वेगळी गोष्ट आहे, पण तीही नववी-दहावीला, विषय निवडताना. तिसरीतल्या मुलाची कल चाचणी करू नका.

## टप्पा ५: आता बाहेर, थोडं थोडं

वाक्य हातात आलं की मग क्लास, शिबिर, संग्रहालय. आता तुम्हाला माहीत असतं की काय बघायला जातोय. घरापासून अर्ध्या तासाच्या आतलंच निवडा. बोरिवलीच्या मुलाला दादरला उत्तम शिक्षक असेलही, पण संध्याकाळी सहाच्या गर्दीत आठवड्याला दोन फेऱ्या मूल महिनाभर करतं आणि कंटाळतं. दोष शिक्षकाला लागतो.

पैसे न घालता किंवा थोडक्यात करून बघण्याजोगं मुंबईत पुष्कळ आहे. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र हात लावून बघणाऱ्या मुलांना मानवतं. भायखळ्याची राणीची बाग आणि तिच्या आवारातलंच भाऊ दाजी लाड संग्रहालय एका दिवसात होतं; दोन्ही बुधवारी बंद असतात, आणि बुधवारीच रजा मिळालेले बाबा मला दरवर्षी एक तरी भेटतात. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मुलांचं वेगळं दालन आहे. चर्नी रोडचं बालभवन, शिवाजी पार्कवरचा मल्लखांब, वस्तीतलं वाचनालय, गल्लीतलं लेझीम पथक, चाळीतली भजनी मंडळी, सगळं धरा. मल्लखांब मी मुद्दाम सांगते. सांघिक खेळात टीम पाडताना शेवटी उरणाऱ्या मुलांना तो मानवतो, कारण तिथे कुणी निवडून घ्यायचं नसतं. पाळी आली की चढायचं.

एका वेळी एकच. सहा वेळा जाऊ द्या, मग विचारा. पहिल्या दोन वेळा सगळ्यांनाच नको वाटतं. सहाव्या वेळेनंतरही नको असेल तर सोडा आणि त्यावर चर्चा करू नका. बूट, रॅकेट, तबल्याची जोडी, काहीही सहाव्या वेळेआधी विकत घेऊ नका. सामान घेतलं की मुलावर त्याचं कर्ज होतं.

रेखाकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षा, शिष्यवृत्ती, बालवैज्ञानिक वगैरे चांगल्या आहेत. ज्याला करायच्या आहेत त्याने कराव्यात. पण ‘मी वेगळा’ या भावनेत रुतलेल्या मुलाला या टप्प्यावर परीक्षेला बसवू नका. त्याला सध्या आणखी एक निकाल नकोय.

तपासा: येताना मूल तिथलं काही सांगतं का? ‘मजा आली’ हे सांगणं नाही. ‘सर दोरी अशी पकडतात’ हे सांगणं.

## टप्पा ६: कुणाला तरी खरंच लागणारं काम द्या

मुलाला आपलं बळ पटतं ते कुणाचं तरी अडलेलं काम त्याच्यामुळे झालं की. बक्षिसाने फारसं पटत नाही, बक्षीस दरवर्षी दुसऱ्याला मिळतं.

काम निवडताना तीन गोष्टी बघा. ते खोटं नको. मुलं खोटं काम लगेच ओळखतात, विशेषतः मोठ्यांनी आधीच करून ठेवलेलं. चुकलं तर थोडं नुकसान व्हावं, फार नको. आणि ज्याचं काम आहे तो माणूस आईबाबा सोडून दुसरा असावा.

चाळ आणि सोसायटी या बाबतीत श्रीमंत आहेत. गणपतीत वर्गणीच्या पावत्या जुळवणं, आरतीच्या ताटाची यादी ठेवणं, माळांतले गेलेले बल्ब शोधणं, लहान मुलांच्या कार्यक्रमाची पाळी लावणं. न बोलणाऱ्या एका मुलीने तिच्या मजल्याचा पाण्याच्या वेळांचा तक्ता केला होता, कुणाकडे किती वाजता, किती मिनिटं. नळावरची भांडणं निम्म्यावर आली. दुसऱ्या मजल्यावरून मागणी आली तेव्हा तिने पाच रुपये मागितले. आई ओशाळली. मी म्हटलं, द्या की.

आमच्या फॉलवाल्या मुलाला स्नेहसंमेलनात काम मिळालं. कोळीनृत्याच्या बारा लुगड्यांना ठिगळं आणि काठ जुळवायचे होते. बाईंनी ट्यूबलाइटखाली निवडलेले तुकडे त्याने मैदानात नेले आणि पाच परत केले. बाई आधी रागावल्या, मग त्यांनीही मैदानात जाऊन बघितले.

सावधान: काम जमलं की लगेच मोठं करू नका. बारा लुगडी जमली म्हणून पुढच्या वर्षी ‘ड्रेपरी प्रमुख’ असा बिल्ला लावू नका. मूल बिल्ल्याला घाबरतं, कामाला नाही. आणि व्हिडिओ नको. परवानगी न घेता तर नकोच.

## टप्पा ७: शाळेशी बोला, एका कागदावर

पन्नास-साठ मुलांच्या वर्गात “माझ्या मुलाकडे जरा लक्ष द्या” या विनंतीला काही अर्थ नसतो. बाई “हो” म्हणतात आणि तास सुरू होतो. अर्ध्या पानावर तीन ओळी लिहून न्या: अडचण कधी येते (टप्पा २ मधलं ‘कधी’), मूल काय करू शकतं (टप्पा ४ मधलं वाक्य), आणि एकच मागणी. मागणी अशी हवी की बाईंना उद्या करता येईल. “वाचायला उभं करायचं असेल तर परिच्छेद आदल्या दिवशी सांगा.” “दुसऱ्या बाकावर, उजव्या बाजूला बसवा, उजव्या कानाने कमी ऐकू येतं.” “टीम पाडताना मुलांनी न निवडता नंबर मोजून पाडा.” ही शेवटची मागणी मान्य झाली की एकट्या तुमच्या मुलाचं नाही, आणखी चौघांचं भलं होतं.

पालकसभेच्या दिवशी जाऊ नका, रांग असते. पंधरा दिवसांनी पुन्हा जा, आणि झालं असेल तर आभार माना. आभार मानणारे पालक इतके थोडे असतात की बाईंच्या लक्षात राहतात.

चिडवणं, अपमान, मार शिक्षकाकडूनच होत असेल तर मात्र विनवणी करत बसू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे. तारीख, वेळ, शब्द लिहून मुख्याध्यापकांना लेखी द्या आणि पोच घ्या.

## टप्पा ८: मध्येच सगळं थांबलं तर

थांबतंच. सातवी-आठवीत तर हमखास. काल आवडत होतं ते आज ‘बोअर’, मित्र काय म्हणतील ही धास्ती, आवाज फुटलेला, तोंडावर पुटकुळ्या. अशा वेळी लोक पुन्हा टप्पा ५ वर उडी मारतात, म्हणजे नवा क्लास. त्याऐवजी टप्पा ३ वर या. वही पुन्हा काढा, आठच दिवस लिहा. बहुधा जुनंच वाक्य नव्या कपड्यांत दिसतं.

या वयात एक सोबती मिळाला तर बघा. दहा नको, एक पुरे. वयाने दोन-तीन वर्षं मोठा, तशाच अडचणीतून गेलेला असेल तर उत्तम. आपण सांगितलेलं ‘होईल रे सगळं नीट’ मुलं ऐकून सोडून देतात. नववीतला मुलगा लेखनिक घेऊन पेपर कसा देतो, हे त्याच्याकडूनच ऐकतात.

## टप्पा ९: वही मुलाकडे

साधारण वर्षभराने, किंवा मुलाने आपणहून विचारलं की, वही त्याच्या हातात द्या. आधी स्वतः वाचून काढा. पहिल्या आठवड्यातल्या त्रासिक नोंदी फाडल्यात तरी चालेल, मी रागावणार नाही. देताना भाषण नको. “हे तुझं आहे” म्हणा आणि उठून कामाला लागा.

आमच्या फॉलवाल्या मुलाने ती दुकानातच, शिलाई मशीनच्या बाजूला बसून वाचली. अर्ध्या पानाला वीस मिनिटं लागली, बोट ओळीखाली धरून. फॉलच्या नोंदीपाशी थांबला, आईची पेन्सिल घेतली आणि ‘दारात’वर रेघ मारली. वर लिहिलं, ‘ओटयावर’. आईने विचारलं, का रे? तो म्हणाला, “दारात सावली पडते.”